गर्भाशय काढून बारा वर्षे झाली, तरी आता अंगावरून पिवळसर का जाते?
पिशवी काढली तरी योनीमार्ग शाबूत असतो, त्यामुळे थोडा स्राव स्वाभाविक आहे; मात्र बारा वर्षांनी नव्याने सुरू झालेला, कपड्यावर पिवळा डाग पाडणारा स्राव तपासून घ्यावाच. बहुधा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटल्याने योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, आम्लता कमी होऊन पीएच (आम्लता घटली की वाढणारे तिचे माप) ५ च्या वर जातो आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो; त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे क्रीम देता येते. स्राव रक्तमिश्रित असेल, किंवा लघवीसारखा सतत पाझरत असेल, तर अजिबात थांबू नये. तुरटीच्या पाण्याने आतून धुणे (हा उपाय शेजारपाजारी हमखास सुचवला जातो) टाळावे, कारण त्याने दाह वाढतो. तपासणीला जाताना शस्त्रक्रियेचे जुने कागद न्यावेत. पिशवी कशासाठी काढली आणि गर्भाशयमुख ठेवले होते का, हे डॉक्टर प्रथम विचारतील.