लोक कार्यक्रमाला येतात, पण पुढे काही होत नाही. स्थानिक पर्यावरण शिक्षणासाठी लोकांना कसं जोडावं, प्रशिक्षण कसं द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्तीजवळच्या ओढ्यावर तुमचा छोटा गट काम करतो, व्याख्यानं होतात, मुलांची फेरी निघते, लोक टाळ्या वाजवून घरी जातात. आता काही स्थानिकांना तयार करून काम त्यांच्यावर सोपवायचंय, तर सुरुवात कुठून करावी आणि प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र द्यावं का?

अशी प्रशिक्षणं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून स्पष्टच सांगते. व्याख्यानं थांबवा, निदान वर्षभर तरी.

१९७७ साली युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी शहरात पर्यावरण शिक्षणाची परिषद घेतली. तिच्या जाहीरनाम्यात उद्दिष्टांचे पाच गट आहेत: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. बहुतेक प्रकल्प पहिल्या दोघांतच घुटमळतात. ओढा घाण आहे हे रोज नाक दाबून पूल ओलांडणाऱ्याला तुम्ही काय सांगणार? ते त्याला तुमच्याआधीपासून माहीत आहे. त्याला हवं असतं ते हाताने करण्याजोगं काहीतरी.

लोकांना जोडायचं तर त्यांना आपल्या कार्यक्रमाला बोलावू नका, ते आधीच जिथे जमतात तिथे जा. पालकसभा, वाचनालय, मासे धरणाऱ्यांचा कट्टा. दहा मिनिटं मागून घ्या आणि त्यातली आठ त्यांना बोलू द्या. 'ओढ्याच्या समस्या कोणत्या?' असं विचारू नका. तक्रारींची यादी निघते, दोषी कोण यावर वाद होतो आणि वेळ संपते. 'तुमच्या लहानपणी या ओढ्यात काय सापडायचं?' असं विचारा. मग खेकडे कुठल्या दगडांखाली असायचे, पूर कुठवर चढला होता, उन्हाळ्यातही कुठला डोह आटत नाही, हे सगळं बाहेर येतं. जमिनीवर खडूने किंवा काठीने ओढ्याचा नकाशा काढायला सांगा. सहभागी पद्धतींचा प्रसार करणारे रॉबर्ट चेंबर्स म्हणायचे, काठी त्यांच्या हातात द्या. अक्षरशः द्या, आणि मग ती कोण परत मागतंय, कोण दुसऱ्याची रेघ पुसून दुरुस्त करतंय यावर नजर ठेवा. तुमचे भावी प्रशिक्षक तेच. हौसेने नाव नोंदवणारे पहिल्या पावसात गळतात, हा माझा तरी अनुभव आहे.

पोस्टर लावणार असाल तर एक सापळा टाळा. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये अश्मीभूत लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक तिथले तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी यांच्या चमूने तिथे दोन प्रकारचे फलक लावून पाहिले. 'पूर्वी अनेकांनी लाकूड नेल्याने जंगलाची स्थिती बदलली' अशा अर्थाचा फलक होता तिथे खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के चोरीला गेले. 'कृपया नेऊ नका' एवढंच सांगणारा फलक होता तिथे १.६७ टक्के. म्हणजे 'सगळेच ओढ्यात कचरा टाकतात' असं तळमळीने लिहिलंत, की वाचणाऱ्याला नकळत परवानगीच मिळते.

मुलांच्या फेरीबद्दलही बोलते, कारण तुमच्या कार्यक्रमांत तीही आहे. मुलांच्या सहभागावर काम करणाऱ्या रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. कशासाठी आलोय हे नीट कळलेलं नसताना टी-शर्ट घालून, गाणी म्हणत आलेली मुलं त्यात खालून दुसऱ्या पायरीवर आहेत. तिचं नाव 'सजावट'. फेरी काढू नका असं नाही, पण तिला शिक्षणाच्या खात्यात धरू नका.

आता प्रशिक्षण. एकच पद्धत निवडा आणि ती पक्की करून घ्या. पाणी, पक्षी, माती, कचरा सगळं एका शिबिरात कोंबलं की डोक्यात काही राहत नाही. ओढा आहे तर तळातल्या किड्यांपासून सुरुवात करावी. बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाला टेकवून धरायची, तिच्या वरच्या अंगाला उभं राहून पायाने दगड-गोटे हलवायचे, जाळीत आलेला गाळ थोड्या पाण्यासह पांढऱ्या ट्रेमध्ये उलटा करायचा. आणि मग थांबायचं. पहिला मिनिटभर ट्रेमध्ये नुसता पालापाचोळा दिसतो, लोक चुळबुळ करतात, प्रशिक्षकाला बोलायचा मोह होतो. गप्प राहा. गाळ बसला की एक काडी चालायला लागते. ती काडी नसते. वाळूच्या कणांचं नाहीतर काड्यांचं घर अंगावर वागवणारी कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी असते. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हेही असेच कीटक, त्यांची पिलं पाण्यात वाढतात. मेफ्लायच्या पिलाला बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलताना दिसतात. स्टोनफ्लायला दोन शेपट्या. स्टोनफ्लाय आणि बहुतेक मेफ्लायना स्वच्छ, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. ट्रेमध्ये नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील, तर ऑक्सिजन कमी असल्याची शंका घ्यावी. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात.

एवढं बघितल्यावर प्रदूषणाच्या व्याख्येची गरज उरत नाही, प्रश्न लोकच विचारतात. पुलाच्या वरच्या अंगाला एक ट्रे, खालच्या अंगाला दुसरा, दोन्ही शेजारी ठेवा आणि बाजूला व्हा.

क्रम असा ठेवा: तुम्ही करून दाखवा, मग बरोबर करा, मग त्यांना करू द्या. शेवटी त्यांनी एखाद्या नवख्या माणसाला शिकवावं, तेही तुम्ही मध्ये न बोलता. हा शेवटचा टप्पा वेळेअभावी हमखास गाळला जातो आणि नेमकी तिथेच गळती लागते. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर काम केलेल्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी हेच मांडलं होतं: नुसता सिद्धांत आणि प्रात्यक्षिक वर्गापर्यंत फारसं पोहोचत नाही, मागाहून कोणी सोबत राहून पाठपुरावा करावा लागतो. म्हणून हातात चार दिवसांचा खर्च असेल तर दोन दिवसांचंच शिबिर घ्या आणि उरलेले दोन दिवस नंतरच्या भेटींसाठी राखून ठेवा. देणगीदाराला हे पटवणं अवघड जातं, कारण शिबिराचा फोटो निघतो, भेटीचा निघत नाही.

नोंदी कुठे जातात हेही पहिल्या दिवशी सांगा. मोजलेलं कोणी वाचतच नाही असं वाटलं की माणसं येईनाशी होतात. पुलाजवळ एक फळा लावा, दर महिन्याचा निकाल खडूने लिहा, बास. सुरक्षेचं वेगळं सांगायला नको: एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, पाऊस असताना तर नाहीच, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

प्रमाणपत्र जरूर द्या, पण शिबिराच्या समारोपाला नको. ज्याने तुमच्याशिवाय तीन वेळा नमुना घेतला आणि एका तरी नव्या माणसाला तो घ्यायला शिकवला, त्यालाच द्या. तीसातले सहाजण उरतील. पुढच्या शिबिराची तारीख त्या सहाजणांना विचारूनच ठरवा.