टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आधी स्लेड रुतल्यावरचं बोलू

तुमचा प्रश्न असा: बॅककंट्रीत, म्हणजे आखलेल्या ट्रेलबाहेरच्या डोंगरात, खोल भुसभुशीत बर्फात चालवायला माउंटन स्नोमोबाइल (आम्ही तिला स्लेड म्हणतो) घ्यायची आहे, फोर-स्ट्रोक जास्त टिकते म्हणतात, मग लोक टू-स्ट्रोकच का घेतात? 'जास्त टिकते' हे पालुपद ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

टिकते, पण कुठे? दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर. तिथे एका लयीत शेकडो किलोमीटर जायचं असेल तर खुशाल घ्या. डोंगरात मात्र इंजिन किती वर्षं चालेल याआधी एक प्रश्न येतो: रुतलेली स्लेड एकट्याने निघते का?

टू-स्ट्रोक माउंटन स्लेडचं कोरडं, म्हणजे पेट्रोल-तेल न भरता, वजन साधारण १९० ते २१५ किलो. यामाहाचं ९९८ सीसी तीन सिलिंडरचं टर्बो फोर-स्ट्रोक इंजिन बसवलेल्या स्लेड त्याहून पन्नासेक किलोने जड, आणि हे जास्तीचं वजन बरंचसं नाकावर. चढावर वेग मोडला की नाक खाली जातं, स्की बर्फात शिरतात आणि ट्रॅक, म्हणजे मागचा फिरता रबरी पट्टा, जागेवर फिरून खड्डा खणतो. अशा वेळी थ्रॉटल दाबत राहणं हा शुद्ध वेडेपणा. दोन-तीन सेकंदांत टनेल (ट्रॅकवरचं धातूचं आवरण) बर्फावर टेकतं आणि मग ट्रॅकवरच्या तीन इंची पॅडलचाही उपयोग नाही. इंजिन बंद करा. रनिंग बोर्डखालचा (पाय ठेवायच्या पट्ट्यांखालचा) आणि बेली पॅनसमोरचा (नाकाखालच्या तळासमोरचा) बर्फ फावड्याने काढा. उताराच्या खालच्या अंगाला स्लेडच्या लांबीएवढी जागा पायांनी तुडवून घट्ट करा. खालच्या बाजूची स्की ओढत नाक उताराकडे वळवा, मग मागचा बंपर उचलून ट्रॅक खड्ड्याबाहेर, न खणलेल्या बर्फावर सरकवा. टू-स्ट्रोक असेल तर धडधाकट माणूस हे एकटा करतो. फोर-स्ट्रोकला बहुतेक वेळा दुसरा माणूस लागतो.

आणि खरी गोम इथेच आहे. उतारावर एका वेळी एकच स्लेड, आणि रुतलेल्याच्या मदतीला वर जायचं नाही, हा हिमस्खलनाच्या प्रदेशातला पहिला नियम. जड स्लेड हाच नियम मोडायला लावते. वर अडकलेला माणूस अर्धा तास खणतो, खालचे वैतागतात, कुणीतरी वर जातो, आणि एकाच उतारावर दोन स्लेड, दोन माणसं. म्हणून कमी वजनाकडे मी नुसती सोय म्हणून नाही, सुरक्षितता म्हणून बघतो.

फोर-स्ट्रोक उलटली तर आणखी एक लफडं. इंजिनाच्या तळातलं, म्हणजे क्रँककेसमधलं तेल ब्रीदरच्या नळीवाटे एअरबॉक्समध्ये (इंजिनात हवा घेणाऱ्या डब्यात), कधी सिलिंडरमध्येही जातं. सरळ केल्याबरोबर स्टार्टर मारू नका. तेल पिस्टनवर साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. थोडा वेळ थांबा, एअरबॉक्स उघडून बघा. शिवाय बऱ्याच फोर-स्ट्रोकना ओढायची दोरीच नसते. उणे तीस अंशांत बॅटरी बसली की तुम्हीही बसलात.

उंचीवर हवा विरळ असते आणि टर्बो ती दाबून इंजिनात भरतो, म्हणून तिथे फोर-स्ट्रोक टर्बोचा फायदा होता, हे मान्य. दर ३०० मीटरला बिनटर्बोच्या साध्या इंजिनाची शक्ती सुमारे ३ टक्के घटते. वायोमिंगमधली टॉग्वटी खिंड २,९०० मीटरच्या वर आहे, म्हणजे १६५ अश्वशक्तीतली ४५ च्या आसपास हवेतच गेली. पण स्की-डू या कंपनीने २०२० च्या मॉडेलपासून ८५० सीसी टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो दिला आणि ८,००० फुटांपर्यंत (सुमारे २,४०० मीटर) १६५ अश्वशक्ती टिकवली. दुसरी कंपनी पोलारिसने २०२२ च्या मॉडेलला पॅट्रियट बूस्ट हे स्वतःचं टर्बो टू-स्ट्रोक इंजिन आणलं. माझ्या लेखी वाद तिथेच संपला. यामाहाने तर २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

आता टिकण्याचं. टू-स्ट्रोकला बहुतेक वेळा चालवणाराच मारतो. गार इंजिनाला फुल थ्रॉटल दिला की पिस्टन भराभर फुगतो, सिलिंडर थंडच राहतो, आणि पिस्टन जाम होतो. टनेलखालचा हीट एक्स्चेंजर (उडत्या बर्फाने कुलंट गार करणारा भाग) हाताला कोमट लागेपर्यंत निघू नका. कडक बर्फाच्या रस्त्यावर आइस स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून उडवणारे काटे, खाली सोडा. नाहीतर एक्स्चेंजरवर बर्फ उडत नाही, कुलंट तापतं आणि हायफॅक्स, म्हणजे ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वितळतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर काजळी धरते, ती वेळच्या वेळी साफ करा. स्पेअर बेल्ट आणि प्लग दोन्ही प्रकारच्या स्लेडवर हवेतच. उंचीवर कमाल आरपीएम ठरलेल्यापेक्षा २०० ने कमी दिसले तर इंजिनाला दोष देण्याआधी क्लचची वजनं हलकी करा. अंदाजे एका ग्रॅमला शंभर आरपीएम.

फोर-स्ट्रोकवाल्यांनी चिडायच्या आत सांगतो. आवाज, धूर आणि पेट्रोल या तिन्हींत ती सरस आहे, टू-स्ट्रोक ऑइल ओतत बसावं लागत नाही, उतरताना इंजिन ब्रेकिंग मिळतं. यलोस्टोनमध्ये प्रदूषण आणि आवाजाच्या अटी इतक्या कडक आहेत की माउंटन टू-स्ट्रोक तिथे चालणार नाही. तुमचं बहुतेक चालवणं ट्रेलवर आणि खोल बर्फ अधूनमधून असेल, तर माझं वरचं अर्धं उत्तर सोडून द्या.

टू-स्ट्रोक जुनी घेणार असाल तर विकणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की इंजिन गार ठेवा. गार इंजिन कसं सुरू होतं ते स्वतः बघा. मग ते गरम करून, दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर टॉप-एंडचा (पिस्टन-सिलिंडरच्या दुरुस्तीचा) खर्च किमतीतून कापा, नाहीतर दुसरी स्लेड बघा.