कालवांत नोरोव्हायरस 'निगेटिव्ह' लिहिण्याआधी

कालवांचे नमुने नोरोव्हायरससाठी (उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू) आरटी-पीसीआरवर निगेटिव्ह आलेत, ई. कोलायही (मैल्याची खूण दाखवणारा जीवाणू) मर्यादेत आहे, मग रिपोर्ट देऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, इतक्यात सही करू नका. आधी मेंगोव्हायरसचा, म्हणजे चाचणी नीट झाली का हे कळावं म्हणून नमुन्यात मुद्दाम घातलेल्या कंट्रोल व्हायरसचा, आकडा बघा.

ई. कोलायवर तर इथे भिस्त ठेवूच नका. स्वच्छ पाण्यात कालवं ठेवली की एक-दोन दिवसांत ते बरंचसं निघून जातं. नोरोव्हायरस जात नाही. कालवाच्या पचनमार्गात माणसाच्या 'ए' रक्तगटासारख्या शर्करा असतात, त्यांना तो चिकटून बसतो. हिपॅटायटिस एसुद्धा असाच टिकून राहतो. १९८८ मध्ये शांघायला शिंपल्यांतून त्याची लागण जवळजवळ ३ लाख लोकांना झाली होती.

आयएसओ १५२१६ मध्ये, म्हणजे या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीत, अख्खं कालव वाटायचं नसतं. किमान १० कालवांतून फक्त पचनग्रंथी काढायची, एकूण २ ग्रॅम. भोवतालच्या फिकट मांसातला तो गडद गोळा नीट सोडवून घ्यावा लागतो आणि नवीन माणूस नेमकी इथेच घाई करतो. मांस आणि कल्ल्यांचे तुकडे सोबत आले तरी काट्यावर २ ग्रॅम भरतात, पण ग्रंथी कमी भरते आणि तिच्याबरोबर व्हायरसही. गोळा ब्लेडने पार लगदा होईपर्यंत चिरा. गाठी राहिल्या तर प्रोटीनेज के (ऊती विरघळवणारं एन्झाइम) आतपर्यंत पोचत नाही. मेंगोव्हायरस याच टप्प्यावर, एन्झाइमच्या आधी घाला. तयार आरएनएमध्ये घातला तर आधी किती व्हायरस वाया गेला ते कधीच कळणार नाही. मग ३७ अंशांवर हलवत १ तास, ६० अंशांवर १५ मिनिटं, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव घ्या.

मेंगोव्हायरसची रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी शेवटी परत मिळालेला भाग, १ टक्क्याच्या खाली असेल, तर तो नमुना निगेटिव्ह नाहीच, तो अवैध आहे. पुन्हा करा. दुसरं म्हणजे इनहिबिशन, म्हणजे नमुन्यातल्या पदार्थांनी पीसीआर दबणं. कालवात ग्लायकोजेन भरपूर असतं आणि ते पीसीआरला आडवं येतं. कंट्रोल आरएनए एकदा पाण्यात आणि एकदा नमुन्याच्या आरएनएमध्ये घालून चालवा. नमुन्यातला सीटी (कितव्या चक्राला सिग्नल दिसला तो आकडा) २ ने मागे पडला, तर अंदाजे ७५ टक्के इनहिबिशन झालं, आणि मर्यादा तेवढीच आहे. त्यापुढे गेलात तर दहापट पातळ केलेल्या आरएनएचा निकाल धरा. नोरोव्हायरसचे जीआय आणि जीआयआय हे जनुकीय गट दोन्ही तपासलेत ना? एकावर भागत नाही.

उद्या पॉझिटिव्ह आला, तर तो व्हायरस जिवंत आहे की मेलेला हे पीसीआर सांगत नाही. रिपोर्टमध्ये 'आरएनए आढळला' एवढंच लिहा. तरीही तो माल कच्चा खाण्यासाठी सोडायला मी कधीही संमती देणार नाही.

रिकव्हरी आणि दोन्ही कंट्रोलचे सीटी कळवा, बघून सांगतो.