जुन्नरचा घोडा आणि आजीची पुतळी

प्रश्न : मॅडम, मी जुन्नर तालुक्यातली, सध्या पुण्यात इतिहासात एम.ए. करते आहे. प्रबंधिकेसाठी मला साधारण १२५० ते १५०० या काळाचा आर्थिक इतिहास घ्यायचा आहे, तोही जागतिक अंगानं. मैत्रिणी म्हणतात, शिवकाळ घे, कागद तरी मिळतील. घरचे विचारतात, जगाचा आणि आपल्या गावाचा त्या काळी संबंध काय? चीन, इजिप्त, व्हेनिस हे सगळं पुण्यात बसून मी कसं वाचणार? आणि पुढे नोकरीचं काय?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : सुरुवात जुन्नरपासूनच कर. तुझं मन राखायला म्हणत नाही.

१४७० च्या आसपास रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितीन नावाचा व्यापारी इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरातून एक घोडा घेऊन कोकणातल्या चौलला उतरला. पालीवरून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. तुला त्याचं नवल नाही. पुढचं बघ. या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, असं त्यानं नोंदवलंय. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी. हरभऱ्याला त्यानं फारसी 'नखूद' वापरलाय आणि खिचडीला खिचडीच. त्याचं लिखाण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा या एका शब्दापाशी किती तरी वेळ थांबून राहिले. जुन्नरच्या तबेल्यात शिजणारं पातेलं रशियन भाषेत लिहिलं गेलं होतं.

मग जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, म्हणाला. खुरासानच्या एका ख्वाजानं मध्यस्थी केली तेव्हा घोडा सुटला. घोडा त्याला शंभर रूबलला पडला होता आणि वर्षभराच्या खाण्यापिण्यावर ६८ नाणी गेली, हेही त्यानं लिहून ठेवलंय. शेवटी तो घोडा त्यानं बहमनी राजधानी बीदरला विकला. मिरी आणि रंग इथे स्वस्त आहेत, पण जकात भारी आणि समुद्रावर चाचे फार, ही त्याची तक्रार.

या एका घोड्यात बघ काय काय आलं. आखाताचं बंदर आलं, गलबताचं भाडं, घाटवाट, खानाची मर्जी, खुरासानी माणसाची ओळख आणि तुमच्या शिवारातला हरभरा. 'जागतिक' म्हणजे माझ्या लेखी एवढंच. वस्तू एक धरायची आणि तिच्या दोन्ही टोकांना काय भाव होता, कुणी काय खर्च केला, ते त्या त्या टोकाच्या कागदात वाचायचं. सगळ्या जगाचा नकाशा भिंतीवर लावून त्यावर बाण काढणं सोपं असतं. त्यातून समजत मात्र फारसं काही नाही.

माझीच एक चूक सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी निरनिराळ्या प्रवाशांनी दिलेल्या घोड्यांच्या किमती जमवल्या, सगळ्या चांदीत बदलल्या आणि आखातापासून दख्खनपर्यंत भाव कसा चढतो याचा तक्ता मांडला. फरक डोळ्यांत भरणारा होता. व्यापारी अफाट नफा कमवत, असं मी लिहून मोकळी झाले. माझ्या मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "वाटेत मेलेले घोडे कुठे मांडलेस?" त्या प्रश्नानं माझं सबंध प्रकरण कोसळलं. ते पुन्हा लिहायला मला वर्ष लागलं आणि ते वर्ष वाया गेलं असं मला कधीच वाटलं नाही. किमतीत खाणं, मरण, जकात, लाच, वाट बघण्यात गेलेले महिने सगळं दडलेलं असतं. तू पहिल्या दिवसापासून ते मांडायला लाग.

आता दुसरं टोक, दुष्काळाचं. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, म्हणून जरा लांबण लागली तर लागू दे. दुर्गादेवीचा दुष्काळ तू आजीकडून ऐकला असशील. परंपरा त्याची सुरुवात १३९६ सालची सांगते आणि तो बारा वर्षं चालला असं मानते. त्याच्या थोडं आधी, दुसऱ्या मुहम्मदशाह बहमनीच्या कारकिर्दीत, दुष्काळात माळवा आणि गुजरातेतून धान्य आणायला सरकारी खर्चानं दहा हजार बैल सतत ये-जा करत होते, असं फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्यानं हे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापुरात बसून लिहिलं, म्हणजे दोनशे वर्षांनी, तेव्हा दहा हजार हा आकडा 'पुष्कळ' या अर्थानंच घे. पण दिशा बघ. माळवा आणि गुजरातेत विकण्याजोगं धान्य होतं, आणि बैलाच्या पाठीवरून ते दख्खनपर्यंत येऊ शकत होतं.

छत्तीसगडातल्या दंडक गुहेत छतावरून थेंब थेंब पाणी पडून चुन्याचे जे लवणस्तंभ वाढले, त्यांच्या थरांवरून शास्त्रज्ञांनी जुन्या पावसाचा अंदाज बांधला आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभरेक वर्षांत मोसमी पाऊस पुन्हा पुन्हा दगा देताना त्यात दिसतो. व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या वर्तुळांतही साधारण त्याच काळातले मोठे अवर्षणाचे पट्टे सापडले, आणि कंबोडियातल्या अंगकोर नगरीची उतरती कळा त्यांच्याशी जोडली जाते. दुर्गादेवी आणि अंगकोर एकाच आभाळाखाली येतात, हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

तरीही इथे घाई करू नकोस. पाऊस पडला नाही म्हणजे लोक मेलेच, असं होत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठव. कथा म्हणूनच घे, पण तिचा गाभा बघ. रयत उपाशी आणि सरकारी कोठारं भरलेली. धान्य होतं, पण कुलपाआड. गुहेतला दगड तुला पावसाचं सांगेल, कुलपाचं सांगणार नाही. ते शोधायला तुला कागद, शिलालेख आणि नाणीच बघावी लागतील.

साधनं नाहीत, हे मला मान्य नाही. शिवकाळासारखे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, या काळाचे मिळणार नाहीत, एवढं खरं. पण लीळाचरित्र आहे. आपण ते धर्मग्रंथ म्हणून किंवा भाषेसाठी वाचतो. तू ते बाजारासाठी वाच. कोण काय विकत घेतं, किती दाम, किती आसू (ही त्या काळची नाणी) मोजतं, कुणाकडे उतरतं. दर पानावर पेन्सिल घेऊन बस. ताम्रपट, शिलालेख, फारसी बखरी, सगळं आहे.

भाषा विचारशील तर आधी फारसी. मोडी पुण्यात कधीही शिकता येईल, फारसीला मात्र आजच लाग, रोज एक तास. चिनी, लॅटिन, अरबी भाषांतरातून वाच, त्यात काही कमीपणा नाही. पण एक भाषा तरी तुझी स्वतःची हवी, म्हणजे भाषांतरकार कुठे अडखळला ते कळतं. पुस्तकांसाठी भांडारकर, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज, आणि अर्थशास्त्रासाठी गोखले संस्था. चारही ठिकाणं एका पीएमपीएमएलच्या पासात होतात. हे भाग्य फार थोड्या शहरांतल्या विद्यार्थ्यांना मिळतं.

नोकरीचं खरं ते सांगते. या विषयाची म्हणून वेगळी जागा निघत नाही. नेट-सेट वेळेवर दे. प्रबंधिकेचा विषय मात्र त्यासाठी बदलू नकोस.

प्रश्न : माझ्याकडे आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एक सुटी पुतळी आहे. एका बाजूला दोन आकृत्या आणि मध्ये काठी. आजी सांगायची, राम-सीता आहेत. नातू म्हणतो, हे परदेशी नाणं आहे. मी ७८ वर्षांचा. मला खरं काय ते कळावं एवढीच इच्छा.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, नातवाचं म्हणणं नमुन्यापुरतं बरोबर आहे. व्हेनिसनं १२८४ मध्ये डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. त्यावर व्हेनिसचा संत मार्क उभा आहे आणि त्याच्यापुढे तिथला प्रमुख, म्हणजे डोजे, गुडघे टेकून त्याच्या हातून निशाण घेतो आहे. मधली काठी ती निशाणाची. मागच्या बाजूला लंबगोलात येशू आणि भोवती तारे. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. १७९७ साली ते प्रजासत्ताक संपेपर्यंत त्यांनी यात फरक पडू दिला नाही.

तिथल्या व्यापाऱ्यांना मिरी हवी होती आणि तिच्या बदल्यात द्यायला माल कमी पडे, म्हणून सोनं-चांदी पूर्वेकडे वाहत राहिली, बहुतेक इजिप्तमार्गे. डुकाटवर लोकांचा इतका भरवसा बसला की १४२५ मध्ये इजिप्तच्या सुलतान बर्सबायनं आपली अश्रफी जवळजवळ त्याच वजनाची केली. आपल्याकडे त्यावरच्या आकृत्यांमुळे ती 'पुतळी' झाली आणि गळ्यात गेली. तुमच्या आजीनं त्यात राम-सीता पाहिले, तेही माझ्या दृष्टीनं त्या नाण्याच्या इतिहासाचाच भाग आहे. मिटवायला जाऊ नका.

आज घरोघरी सापडणाऱ्या बहुतेक पुतळ्या मात्र इथल्याच सोनारांनी नंतर नमुन्यावरून घडवलेल्या आहेत. ओळखायचं असेल तर काठीलगतची आणि कडेची अक्षरं भिंगातून बघा. मूळ नाण्यावर ती सुटी, वाचता येण्याजोगी लॅटिन अक्षरं असतात. घडवलेल्या पुतळीवर नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरतात, कारण सोनारानं न वाचता उतरवलेलं असतं.

मग ओळखीच्या सराफाकडे जाऊन वजन करून घ्या, तोळ्यात नको, ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना दामोदर कोसंबींनी प्राचीन नाण्यांची अशीच एकेक वजनं घेऊन त्यांतून इतिहास काढला होता. ओवण्यासाठी जोडलेली कडी असेल तर ती काढायला लावू नका, कडीसकट वजन घ्या आणि 'कडीसकट' असं लिहून ठेवा. झिजलेली बाजू कुठली तेही बघा. आणि सराफानं मोडून नवीन काही करून देतो म्हटलं, तर पुतळी मुठीत धरून घरी या.