'अर्धसत्य' दुसऱ्यांदा पाहणार असशील तर

गोष्ट तुला ठाऊक झालीच आहे, आता ओम पुरींच्या इन्स्पेक्टर वेलणकरकडे बघ. आणि हो, या उन्हात आपल्या नागपुरी कूलरच्या घरघरीत हा सिनेमा लावू नकोस. हेडफोन घाल, नाहीतर पहाटे बघ. सदाशिव अमरापूरकरांचा गुंड रामा शेट्टी आवाज चढवतच नाही, तरी दरारा केवढा! ती बारीक पट्टी ऐकू आली नाही तर काय उपयोग?

ओम पुरींसाठी हॉटेलातला कवितेचा प्रसंग दोनदा बघ. स्मिता पाटील पुस्तक देते, हा सहज वाचायला घेतो. दिलीप चित्र्यांच्या ओळी पुढे सरकतात तसा चेहरा उतरत जातो, आवाज जड होतो. रडणं नाही, ओरडणं नाही. मग अमरीश पुरींनी केलेला बाप आठव: आईवर हात उचलणारा. कोठडीत आरोपीवर उठणारा वेलणकरचा हात कुठून येतो ते तिथे कळतं. विजय तेंडुलकरांची पटकथा हे समजावत बसत नाही, हे मला फार आवडतं.

नसीरुद्दीनच्या लोबोलाही, त्या निलंबित इन्स्पेक्टरला, 'दारुडा' म्हणून सोडू नकोस. वेलणकर त्याच्याकडे कसा बघतो, तेवढं टिप. १९८३चा आहे, प्रिंट जरा मळकी मिळेल. चालतं.