औंधचा स्वराज्याचा प्रयोग आणि प्रतिसरकार यांची तुलना लघुप्रबंधात कशी करावी?

एम.ए.च्या लघुप्रबंधात 'गांधीवादी विरुद्ध सशस्त्र' अशी मांडणी चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. दोन्हीकडे चालणारं एकच काम धरा: गावातला न्यायनिवाडा.

औंध संस्थानात १९३९च्या राज्यघटनेने अधिकार वरून खाली, म्हणजे राजाकडून गावांकडे आले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतःच ते सोडले. मसुद्यात गांधीजींचा हात होता. प्रतिसरकारकडे, म्हणजे सातारा जिल्ह्यात भूमिगतांनी ब्रिटिशांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारकडे (१९४३ ते १९४६), असा कागद नव्हता. नाना पाटलांच्या साथीदारांची न्यायमंडळं लोक मानायचे म्हणून चालली, आणि पाठीशी तुफान सेनेचा, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलाचा, धाकही होताच. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा: पंच कोण नेमायचं, ते कोणत्या जातींचे, बाईची फिर्याद ऐकली जायची का, आणि निवाडा न पटलेल्याने जायचं कुठे? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण बगल देतात. खरं तर निम्मा प्रबंध तिथेच आहे.

मोठी अडचण वेगळीच. ही दोन उदाहरणं एकमेकांपासून सुटी नाहीत. प्रतिसरकारचं मोठं केंद्र असलेलं कुंडल हे औंध संस्थानातलंच गाव, आणि भूमिगतांना संस्थानी हद्दीचा आसरा मिळायचा. म्हणून गावं तीन घ्या: कुंडल, वाळवा किंवा तासगाव तालुक्यातलं एखादं खालसा (थेट ब्रिटिश अमलाखालचं) गाव, आणि चळवळीच्या मुख्य पट्ट्यापासून लांबचं, पण औंधचंच, आटपाडी. म्हणजे संस्थानाचा परिणाम कोणता आणि चळवळीचा कोणता, हे थोडं तरी वेगळं काढता येईल.

दप्तरात 'सांगली जिल्हा' शोधत बसू नका. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं; वाळवा, तासगाव, खानापूर सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला, सांगली हे नाव १९६०चं.

आठवणी वापरताना त्या कधी सांगितल्या ते नोंदवा. स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर तुरुंगवास आणि भूमिगत काळ ठळकपणे सांगितला जाऊ लागला. निवाडे, दंड, सावकारांशी झालेले व्यवहार मागे पडले. नेमकं तेच तुम्हाला हवंय, तेव्हा खोदून विचारा.

विचारांच्या प्रकरणात फक्त ग्रामस्वराज्य नको. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यावर कडक टीका केली. त्याच वर्षी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. ती टीका तुमच्या तिन्ही गावांना लावून पाहा, विशेषतः पंचांच्या जातींच्या यादीला.