‘ओळख पाहू मी कोण?’

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेलं पत्र चांगलं चार पानी आहे आणि त्यात प्रश्न पाच. अल्झायमर्सनं, म्हणजे विस्मरणाच्या आजारानं, गाठलेल्या आईला अमेरिकेत आणू का, पार्ल्याच्या फ्लॅटचं काय करू, ब्राह्मी सुरू करावी का, चोवीस तासांची बाई ठेवावी का, आणि वहिनी अशी का वागते. पाचही प्रश्न रास्त आहेत. पण माझी गाडी दुसऱ्या पानावर जी अडली ती काही पुढे जाईना. जुने वाचक म्हणतील, झालं, ताईंचं पालुपद सुरू. म्हणोत बापडे.

मजकूर असा आहे: ‘दर शनिवारी सकाळी नऊला चहा घेता घेता आम्ही चौघं व्हिडिओ कॉल लावतो. मेंदूला तेवढाच व्यायाम म्हणून मी आईला विचारतो, ओळख पाहू मी कोण? पूर्वी सांगायची. आता नुसती बघत राहते, मग हसते. मुलांनाही विचारायला लावतो. गेले दोन महिने वहिनी फोनच उचलत नाही. म्हणते, तुमचा फोन झाला की आई रात्रभर आवरत नाहीत. मला तर वाटतं, तिला आमचा संबंधच नकोय.’

भाऊ, आईनं आपल्याकडे परक्यासारखं बघावं याचं दुःख मला नवीन नाही. पण तुम्ही लिहिलंयत ना, ‘मग हसते’, ते हसू जरा नीट बघा. लग्नाच्या हॉलवर कुणीतरी येऊन खांद्यावर थाप मारतं, ‘काय, ओळखलं का?’ आणि काही केल्या नाव आठवत नाही, तेव्हा आपण कसं हसतो? तेच हे हसू. आपली सुटका लवकर होते, कारण कुणीतरी जेवायला बोलावतं. तुमच्या आईची शनिवारच्या शनिवार, चौघांसमोर, मोबाइलच्या काचेवर तीच परीक्षा. आणि पेपर कोरा गेला की नातवंडांचे पडलेले चेहरे बघायचे ते वेगळंच.

मी हे आगाऊपणानं सांगत नाही. हाच गाढवपणा मी स्वतः केलाय. मिसिसागाहून दोन वर्षांनी गिरगावात घरी आले होते. बॅगा अजून दारात, टॅक्सीवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेले, मावशी, शेजारच्या काकू, भाचरं, सगळी जमलेली. मी आईसमोर जमिनीवर बसले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, ‘सांग बघू, कोण आलंय?’ आई अदबीनं म्हणाली, ‘बसा ना वर. चहा टाकते.’ मला, पोटच्या पोरीला, बसा. मग काय, चारी बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. ‘अहो, तुमची थोरली! कॅनडाची!’ आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती आणि मांडीवर पदराचं टोक पिळत होती. पार दोरी केली त्या टोकाची.

रात्री ती जेवली नाही. दोन वाजता उठून माझ्या भावजयीला हलवून विचारायला लागली, ‘ती बाई कोण आलीय घरात? कधी जाणार?’ मी आतल्या खोलीत सगळं ऐकत पडले होते. सकाळी भावजय पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘ताई, तुम्ही विचारता आणि झोपता. रात्र मला काढावी लागते.’

तेव्हा वाईट वाटलं, रागही आला. ती शब्दशः खरं बोलत होती हे कळायला मला पुढे वाचावं लागलं. अल्झायमर्समध्ये मेंदूचा जो भाग सुरुवातीलाच बिघडतो, तो हिप्पोकॅम्पस, त्याचं काम नवी आठवण पक्की करणं. त्यामुळे सकाळचं दुपारी राहत नाही. पण भावना राहते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर्सच्या १७ रुग्णांना काही दुःखाचे आणि काही आनंदाचे चित्रफितींचे तुकडे दाखवले. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांना धड सांगता येईना, पण मनावर आलेलं मळभ, किंवा आनंद, मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकून होता. त्यातही ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख जास्त रेंगाळलं. म्हणजे तुमचा फोन आई विसरते, पण फोनमुळे उडालेली घालमेल तिच्याजवळ राहते, आणि कशाची घालमेल हेही तिला कळत नाही. तेव्हा तो व्यायाम चुलीत घाला. मोडलेल्या पायाला कुणी उठाबशा काढायला लावतं का?

आता वेळेचं बघू, कारण इथे आपण परदेशातले सगळेच चुकतो. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे पार्ल्यात संध्याकाळचे साडेसहा, आणि थंडीत साडेसात. ऐन दिवेलागण. या आजारात हीच वेळ सगळ्यांत वाईट. डॉक्टर सनडाउनिंग म्हणतात, आपल्याकडे घरोघरच्या सुना म्हणतात, ‘संध्याकाळ झाली की आई पिशवी भरायला लागतात.’ घरातच बसून ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. त्याच वेळी वहिनीचा कुकर गॅसवर, दादा लोकलमध्ये, दारात इस्त्रीवाला, आणि त्यात तुमचा कॉल. चार माणसं एकदम बोलतायत, आवाज मागून येतोय, चित्र थिजतंय. आईला वाटलं असेल, माणसं घरात शिरलीत. वहिनीनं फोन उचलायचा बंद केला, यात तिचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. मी असते तर पहिल्याच महिन्यात बंद केला असता.

त्यापेक्षा असं करा. फोन मुंबईच्या सकाळी, आईची अंघोळ-नाश्ता झाल्यावर. एका वेळी एकच माणूस. मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवलेला, वहिनीच्या हातात नाही. ती तेवढ्यात अंघोळीला जाऊ दे. आणि पहिलं वाक्य तुमचं: ‘आई, मी तुझा धाकटा, अमेरिकेतून बोलतोय.’ उत्तरच हातात ठेवायचं, म्हणजे प्रश्न उरत नाही. त्यानंतर ‘आज काय जेवलीस?’ हेसुद्धा नको, तीही परीक्षाच. तुम्ही काय खाल्लं ते सांगा. खिडकीतला बर्फ दाखवा. तिनं ‘हे कुठे गेले?’ विचारलं तर बाबा जाऊन सहा वर्षं झाली हे सांगायची गरज नाही. तिच्यासाठी ते दर वेळी आजच घडतं. ‘बाबांना तुझ्या हातची आमटी काय आवडायची गं’ म्हणा आणि तिला बोलू द्या. याला खोटं बोलणं म्हणणारे भेटतात. त्यांनी एक रात्र माझ्या भावजयीच्या जागी काढावी.

शब्द गेले तरी हात पुष्कळ दिवस शाबूत असतात, हेही लक्षात ठेवा. त्याच खेपेला, निघायच्या दोन दिवस आधी, मी आईसमोर कापूस घेऊन बसले. काही विचारलं नाही. बोटाला दूध लावून फुलवात वळायचा प्रयत्न करत होते, तीस वर्षांत हातात कापूस धरला नव्हता. शेंड्याशी सुटत होती सारखी. आई थोडा वेळ बघत राहिली. मग माझ्या हातातून कापूस काढून घेतला, चिमटीत धरून एक गिरकी दिली, आणि झाली वात, टोकदार. दुसरी, तिसरी. चौथीला म्हणाली, ‘एवढा कापूस घेतात का? तुला कितीदा सांगितलं.’ तुला! नाव नाही घेतलं. मी विचारलंही नाही.

बाकीचे प्रश्न आता भराभर.

अमेरिकेत आणू नका. बाथरूम कुठल्या बाजूला हे पायांना ठाऊक असलेलं घर सोडून तिला कार्पेटवर आणून काय मिळवणार? शिवाय व्हिजिटर इन्शुरन्स बहुधा जुन्या आजाराला हात लावत नाहीत.

फ्लॅटच्या बाबतीत एकच सांगते, कारण इथे अमेरिकेतली माणसं हमखास फसतात. तिथे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, आई अजाण झाल्यावरही चालेल असं करून घेता येतं. आपल्याकडे भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१ प्रमाणे, लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. नंतर पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी. आईला अजून व्यवहार समजत असेल तर दादाला घेऊन या महिन्यात वकील गाठा, पुढच्या नाही. समजत नसेल तर सह्या घ्यायच्या भानगडीत पडू नका.

ब्राह्मीनं अल्झायमर्स बरा होत नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनीही होत नाही, पण त्या न विचारता बंद करू नका.

बाई ठेवा, पण चोवीस तासांची की रात्रीची हे वहिनी ठरवील, तुम्ही नुसते पैसे पाठवायचे. ब्यूरोतून येणाऱ्या मावशीला पहिल्या आठवड्यात आई हाकलून देईल, त्याची तयारी ठेवा. डिग्निटी फाउंडेशन मुंबईत डिमेन्शियाच्या, म्हणजे अशा विस्मरणाच्या, रुग्णांसाठी डे केअर केंद्रं चालवतं, आणि अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाची मुंबईत शाखा आहे. दादानं दोन्हीकडे चौकशी करावी. डिसेंबरात याल तेव्हा दादा-वहिनींना आठ दिवस कोकणात पाठवा आणि आईजवळ तुम्ही राहा, एकट्यानं. दिवाळीला साडी पाठवण्यापेक्षा ते बरं.

वहिनीला उद्याच फोन करा. तिला, आईला नव्हे. आई कशी आहे हे विचारण्याआधी तू कशी आहेस विचारा, आणि उत्तर लांबलं तर मध्ये बोलू नका. एवढं झालं की मग आईच्या फोनचं ठरवा. शुक्रवारी रात्री साडेअकराचा गजर लावून ठेवा, तेव्हा पार्ल्यात शनिवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतात. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की साडेदहाचा.